फ्रीडॉस १.४ : जुन्या यंत्रावर, जुन्या खेळांसाठी

स्वस्तातला लॅपटॉप घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार हमखास विचारतो, ‘विंडोजवाला दाखवू की डॉसवाला?’ विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचावेत म्हणून अनेकजण डॉसवाला लॅपटॉप घेतात, घरी आणतात आणि त्याच संध्याकाळी त्यावरची डॉस पुसून दुसरे काहीतरी बसवतात. ती पुसली गेलेली डॉस बहुतेक वेळा फ्रीडॉस असते, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एमएस-डॉससारखी चालणारी मुक्तस्रोत कार्यप्रणाली. भारतात ही कार्यप्रणाली इतक्या लोकांनी विकत आणली आहे आणि तिची ओळख मात्र फारच थोड्यांना झाली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. गेली काही वर्षे मी जुने खेळ आणि जुन्या आज्ञावल्या (प्रोग्राम) चालवण्यासाठी फ्रीडॉस नियमित वापरतो आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये आलेली तिची १.४ ही आवृत्ती मी तीन वेगवेगळ्या यंत्रांवर बसवून पाहिली. या परीक्षणात मी तिच्याकडे एकाच गरजेतून पाहिले आहे: डॉसच्या काळातला खेळ त्या काळातल्या यंत्रावर, आवाजासकट, नीट खेळता यावा.

ही कार्यप्रणाली कशी जन्मली हे थोडक्यात सांगायला हवे, कारण तिचे आजचे गुणदोष त्यातूनच आले आहेत. विंडोजच्या पुढच्या आवृत्तीबरोबर एमएस-डॉसचे दिवस संपतील, असे संकेत १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून मिळू लागले होते. जिम हॉल हे तेव्हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिव्हर फॉल्स येथील शाखेत भौतिकशास्त्र शिकत होते. सगळ्यांना मोकळेपणाने वापरता येईल अशी डॉस आपणच लिहू या, असे आवाहन त्यांनी २९ जून १९९४ रोजी इंटरनेटवरील चर्चागटात केले. पॅट व्हिलानी यांनी आपला आधीच लिहिलेला गाभा (कर्नल) या कामासाठी दिला, टिम नॉर्मन यांनी आज्ञा वाचणारा कमांड डॉट कॉम लिहिला आणि बाकीची साधने जगभरच्या हौशी मंडळींनी आपापल्या सवडीने तयार केली. १.० ही आवृत्ती यायला २००६ साल उजाडले, म्हणजे तब्बल बारा वर्षे लागली. त्यानंतरच्या आवृत्त्या २०१२, २०१६, २०२२ आणि २०२५ या वर्षी आल्या. ही गती संथ वाटेल, पण ज्या व्यासपीठाचे यंत्रच आता बदलायचे नाही, त्याच्यासाठी ती मला योग्य वाटते.

माझे मुख्य यंत्र पेंटियम ३ आहे. त्यात ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी स्मृती आणि इंटेलच्या ४४०बीएक्स संचाचा मदरबोर्ड आहे. हा मदरबोर्ड मी मुद्दाम निवडला, कारण त्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर आयएसए प्रकारचा एखादा तरी स्लॉट शिल्लक असे आणि डॉसच्या खेळांचा खरा आवाज त्याच स्लॉटमधल्या साउंड कार्डातून येतो. कॅबिनेट उघडून आधी बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीची) बॅटरी बदलली, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस तपासून घेतला आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत याची खात्री केली. वीस-पंचवीस वर्षांचे यंत्र चालू करण्यापूर्वी एवढे करणे अत्यावश्यक आहे. खडखडणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवले. साध्या आयडीई अडॅप्टरवर ते हार्ड डिस्कसारखेच चालते, आवाज करत नाही, आणि काढून दुसऱ्या संगणकात घातले की फायलींची ने-आण चुटकीसरशी होते.

फ्रीडॉस बसवणे आता खरोखर सोपे झाले आहे. सीडीवरून यंत्र सुरू केले की इन्स्टॉलर भाषा विचारतो, डिस्कचे विभाजन झालेले नसेल तर ते करून घ्यायला सांगतो, फॉरमॅट करतो आणि फायली उतरवून ठेवतो. ज्या यंत्रांना सीडीवरून सुरू होता येत नाही त्यांच्यासाठी फ्लॉपींचा वेगळा संच आहे, पेन ड्राइव्हसाठी वेगळी प्रतिमा (इमेज फाइल) आहे आणि काहीही न बसवता नुसते चालवून पाहायचे असेल तर लाइव्ह सीडी आहे. एमएस-डॉस ६.२२ ला डिस्कवर फायली मांडण्याची फॅट१६ ही जुनी पद्धतच वाचता येत असे आणि म्हणून डिस्कचे २ जीबीहून मोठे विभाजन चालत नसे. फ्रीडॉसला तिची पुढची पद्धत फॅट३२ समजते, त्यामुळे ८ जीबीचे कार्ड एका विभाजनात वापरता आले. आयुष्यभर सी ड्राइव्हवरची जागा मोजत बसलेल्या माणसाला ही सोय किती मोलाची वाटते, हे त्यालाच ठाऊक.

आता स्मृतीकडे वळतो, कारण डॉसवर खेळ चालवणाऱ्यांचे निम्मे आयुष्य याच खटाटोपात जाई. यंत्रात १२८ एमबी असोत वा १२८ जीबी, डॉसच्या साध्या आज्ञावलीला पहिले ६४० केबीच थेट वापरता येतात आणि माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, कळफलकाचा आराखडा असे सगळे भाडेकरू त्याच खोलीत राहायला येतात. एखाद्या खेळाला ५९० केबी मोकळे हवे असतील आणि आपल्याकडे ५८० असतील, तर तो खेळ सुरूच होत नाही. एमएस-डॉसच्या काळात यासाठी प्रत्येक खेळाची वेगळी बूट फ्लॉपी करून ठेवावी लागे. फ्रीडॉसमध्ये यंत्र सुरू होतानाच पर्यायांची यादी समोर येते: एका पर्यायात बहुतेक ड्रायव्हर ६४० केबीच्या वरच्या मोकळ्या जागेत जातात, दुसऱ्यात एक्सपांडेड स्मृती (काही जुन्या खेळांना लागणारी जादा स्मृती) मिळते, तिसऱ्यात ड्रायव्हर जवळजवळ घेतलेच जात नाहीत. पहिला पर्याय घेऊन माउस आणि सीडी दोन्ही चालू ठेवूनही ‘मेम’ ही आज्ञा मला ६०० केबीहून अधिक जागा मोकळी दाखवते. यासाठी मी एकाही फाइलला हात लावलेला नाही. फ्रीडॉसची सर्वांत जास्त प्रशंसा मला या एका गोष्टीसाठी करावीशी वाटते, कारण तिथे तीस वर्षांचा अनुभव सुरुवातीच्या रचनेतच मुरलेला दिसतो.

आवाजाची कथा मात्र इतकी सुरळीत नाही. विंडोज किंवा लिनक्समध्ये साउंड कार्डाचा ड्रायव्हर कार्यप्रणालीचा असतो आणि खेळ कार्यप्रणालीला फक्त ‘हा आवाज वाजव’ असे सांगतो. डॉसमध्ये असा मध्यस्थच नाही. खेळ थेट साउंड ब्लास्टर या त्या काळच्या प्रचलित साउंड कार्डाच्या दारावर, त्याच्या ठरलेल्या पत्त्यावर, जाऊन थाप मारतो. त्या पत्त्यावर ते कार्ड नसेल तर कार्यप्रणाली कितीही चांगली असली तरी खेळ मुकाच राहतो. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला साउंड ब्लास्टर १६ जातीचे आयएसए कार्ड मिळाले. ते बसवून सुरुवातीच्या बॅच फाइलमध्ये ‘सेट ब्लास्टर’ची एक ओळ लिहिली, आणि यामाहाच्या एफएम चिपमधून येणारे ते खास धातूसारखे संगीत घरात घुमले. अनुकरणातून (नव्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करून) येणारा आवाज आता फार चांगला झाला आहे हे मान्य करूनही सांगतो, की मूळ कार्डाच्या सुरांना जो किंचित खरखरीत, भरीव पोत आहे, तो मला अजून दुसरीकडे ऐकू आलेला नाही.

वेग ही दुसरी अडचण आहे, आणि इथे यंत्र जास्त वेगवान असणे हाच दोष ठरतो. १९८० च्या दशकातले अनेक खेळ प्रोसेसरच्या गतीवरच आपली गती ठरवतात, त्यामुळे ५०० मेगाहर्ट्झवर पात्रे दिसण्याआधीच मरतात. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या कित्येक आज्ञावल्या तर सुरूच होत नाहीत. वेळ मोजण्यासाठी त्या सुरुवातीला यंत्राचा वेग अजमावतात, प्रोसेसर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेला की त्या हिशेबातला आकडा ठरलेल्या जागेत मावत नाही आणि ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश येऊन सगळे थांबते. हा दोष आज्ञावलीच्या पोटातला आहे आणि त्यासाठी सुधारक तुकडे (पॅच) उपलब्ध आहेत. पहिल्या प्रकारच्या खेळांसाठी मी बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचा कॅश, म्हणजे त्याची जवळची जलद स्मृती, बंद करतो. तेवढ्याने पेंटियम ३ इतका मंदावतो की ३८६ या जुन्या प्रोसेसरच्या काळातले खेळ पुन्हा माणसाच्या हाताला झेपतात.

खेळ कोणते खेळावेत, हा या परीक्षणातला मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळांच्या संगणक प्रयोगशाळांत ज्यांनी तासभर रांग लावली, त्यांना ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स’ ही दोन नावे पुरतात. डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया हे दोन्ही खेळ फ्रीडॉसवर अगदी जसेच्या तसे चालतात, आणि साउंड कार्ड नसेल तरी यंत्राच्या अंगच्या स्पीकरमधून त्यांचे ओळखीचे ‘टिंव टिंव’ ऐकू येते. परंतु हे खेळ मुक्त नाहीत. भारतीय कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृती मानली जाते आणि व्यक्तीच्या नावे असलेल्या साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे ‘जुना खेळ म्हणजे फुकट खेळ’ हा आपल्याकडचा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. जुन्या खेळांची आवड खरी असेल तर हा प्रश्न टाळून चालत नाही, असे माझे ठाम मत आहे.

म्हणूनच मला डूम या बंदुका-राक्षसांच्या खेळाचे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते. १९९३ मध्ये आलेल्या या खेळाची मूळ संहिता (सोर्स कोड) आयडी सॉफ्टवेअरने २३ डिसेंबर १९९७ रोजी खुली केली आणि १९९९ मध्ये ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणली. खेळ मुळात डॉसचा, पण खुली झाली ती लिनक्सची संहिता, कारण डॉस-आवृत्तीतला आवाजाचा भाग दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला होता आणि तो वाटण्याचा अधिकार कंपनीकडे नव्हता. डॉसवाल्यांना आपल्याच खेळात आवाज नव्याने बसवावा लागला. ते काम करून १९९८ मध्ये बूम नावाचे सुधारित इंजिन तयार झाले. तरीही चित्रे, नकाशे, राक्षस, आवाज हे सगळे विकाऊच राहिले. इंजिन मोकळे आणि माल कुलपात, अशी ती अवस्था होती. फ्रीडूम या प्रकल्पाने ती कोंडी फोडली. २००१ पासून अनेक कलाकारांनी एकेक चित्र, एकेक भिंत, एकेक किंकाळी नव्याने घडवून डूमच्या इंजिनाला लागणारा सगळा माल मुक्त परवान्याने उपलब्ध करून दिला.

माझ्या पेंटियमवर मी बूमच्या जोडीने फ्रीडूम चालवतो. खाली फ्रीडॉस, त्यावर बूम, त्यात फ्रीडूम: तळापासून माथ्यापर्यंत एकही थर असा नाही, की ज्याची संहिता किंवा मूळ सामग्री मला उघडून पाहता येत नाही, बदलता येत नाही किंवा मित्राला देता येत नाही. खेळ म्हणून फ्रीडूम मूळ डूमच्या तोडीचा आहे का? प्रामाणिकपणे सांगायचे तर पूर्णपणे नाही. निरनिराळ्या हातांनी काम केल्यामुळे नकाशांची प्रत वर-खाली होते, काही पातळ्या विनाकारण लांबतात आणि काही राक्षस दुरून नीट ओळखू येत नाहीत. पण पहिल्या काही पातळ्या अतिशय कसून बांधलेल्या आहेत, आणि सेकंदाला ३५ चौकटींच्या स्थिर गतीने, खऱ्या साउंड ब्लास्टरच्या आवाजात तो खेळताना मला जे समाधान मिळते ते दुसऱ्या कुठल्याच जोडणीत मिळालेले नाही. बंदुका-राक्षसांचा कंटाळा असणाऱ्यांनी नेटहॅकची डॉस-आवृत्ती जरूर पाहावी. १९८७ पासून वाढत आलेला हा मुक्तस्रोत खेळ निव्वळ अक्षरांतून एवढे मोठे भुयार उभे करतो, की एक डाव महिनाभर पुरतो.

प्रिन्सची गोष्ट अजून मध्येच अडकलेली आहे. त्याच्या ॲपल २ संगणकावरच्या मूळ आवृत्तीची संहिता निर्माते जॉर्डन मेक्नर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि डॉस-आवृत्तीची उकल करून हौशींनी आधुनिक यंत्रांवर चालणारे मुक्त इंजिनही लिहिले. पण राजपुत्राची ती पळणारी, लोंबकळणारी आकृती अजूनही मालकीचीच आहे. तिच्यासाठी कोणी फ्रीडूमसारखे काम हाती घेतले तर मी आनंदाने हातभार लावीन.

दुसरे यंत्र म्हणजे २००९ चा एक लॅपटॉप, ज्यात जुन्या पद्धतीचे बायोस आहे पण साउंड ब्लास्टर अर्थातच नाही. इथे फ्रीडॉस झपाट्याने बसते, पडदा, कळफलक आणि टचपॅड चालतात, आणि रिकामे बसलेले असताना प्रोसेसर तापू नये यासाठी एफडीएपीएम ही छोटी आज्ञावलीही सोबत येते, नाहीतर डॉसमध्ये काही न करताही पंखा गरगरत राहतो. आवाजासाठी गेल्या काही वर्षांत दोन मुक्त आज्ञावल्या पुढे आल्या आहेत, एसबीईएमयू आणि तिच्यापासून निघालेली व्हीएसबीएचडीए. खेळाने साउंड ब्लास्टरच्या पत्त्यावर मारलेली थाप त्या मधल्या मध्ये झेलतात आणि आवाज लॅपटॉपच्या आधुनिक ध्वनिचिपकडे वळवतात. ही करामत थक्क करणारी आहे, पण अजून भरवशाची नाही. माझ्याकडच्या बऱ्याच खेळांचा आवाज उत्तम आला, काहींचा तुटक आला आणि दोन खेळ तर सुरू होतानाच गोठले. पेन ड्राइव्हही यंत्र सुरू करण्यापूर्वी लावला असेल तरच बायोसच्या कृपेने दिसतो, मध्येच लावला तर दिसत नाही.

तिसरे यंत्र नवे, फक्त यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) असलेले. तिथे फ्रीडॉस थेट सुरूच होत नाही, कारण तिला पावलोपावली बायोसच्या सेवा लागतात आणि त्या इथे उरलेल्याच नाहीत. दुकानातून येणाऱ्या काही ‘डॉसवाल्या’ लॅपटॉपांत तर आधी एक लहानसे लिनक्स सुरू होते आणि त्याच्या पोटातल्या आभासी यंत्रावर फ्रीडॉस दाखवली जाते. ती पाहून फ्रीडॉसविषयी मत बनवणाऱ्यावर आणि फ्रीडॉसवरही अन्याय होतो. असे यंत्र असणाऱ्यांनी डॉसबॉक्स किंवा तिच्यापासून निघालेली डॉसबॉक्स स्टेजिंग वापरावी, असे मी स्पष्टपणे सुचवतो. तीही मुक्तस्रोत आहे, साउंड कार्ड, प्रोसेसरचा वेग आणि स्मृती या सगळ्यांचे अनुकरण ती स्वतःच करते आणि एखाद्या खेळासाठी वेग कमी करायचा तर दोन कळा दाबून भागते. आपल्या कॉलेजांत टर्बो सी शिकवताना वर्षानुवर्षे हीच पद्धत चालत आली आहे, त्यामुळे अनेकांना ती नकळत परिचयाचीही असेल.

मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ४.०० ची संहिता एप्रिल २०२४ मध्ये मुक्त परवान्याने प्रसिद्ध केली, मग आता फ्रीडॉस कशाला, असे मला दोघा-तिघांनी विचारले. ती संहिता अभ्यासासाठी मौल्यवान आहे, पण ती १९८० च्या दशकातली आवृत्ती आहे, तिला फॅट३२ कळत नाही आणि लोकांनी ज्या ६.२२ वर खेळ खेळले ती अजून बंदच आहे. रोजच्या वापराला फ्रीडॉसच उपयोगी पडते. एका बाबतीत मात्र मूळ एमएस-डॉस अजून वरचढ आहे: विंडोज ३.१ तिच्या पूर्ण ताकदीच्या, म्हणजे ३८६ एन्हान्स्ड, अवस्थेत फ्रीडॉसच्या स्थिर गाभ्यावर चालत नाही. विंडोजच्या त्या काळातले खेळ खेळायचे असतील त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

मराठी वाचकाला पडणारा आणखी एक प्रश्न देवनागरीचा. फ्रीडॉसमध्ये कितीतरी लिप्यांच्या अक्षरसंचांची सोय आहे, पण देवनागरी नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. डॉसच्या मजकूर-पडद्यावर एका वेळी साधारण २५६ चिन्हे मावतात आणि प्रत्येकाला सारख्याच रुंदीची चौकट मिळते. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांना त्या चौकटीत बसवणे शक्य नसते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्राने हा प्रश्न एक वेगळे कार्डच संगणकात बसवून सोडवला होता, आणि त्या कार्डामुळे डॉसच्या साध्या पडद्यावर मराठी उमटत असे. त्या कार्डाचा आराखडा आणि सोबतच्या आज्ञावल्या मुक्त परवान्याने खुल्या झाल्या, तर डॉसबॉक्ससारख्या अनुकरणात ते कार्ड पुन्हा उभे करता येईल आणि त्या वेळच्या फायली व आज्ञावल्या मूळ रूपात उघडता येतील. माझ्या दृष्टीने हे काम कुठल्याही खेळापेक्षा तातडीचे आहे.

ज्यांच्याकडे १९९५ ते २००५ च्या दरम्यानचे चालू यंत्र आहे त्यांनी फ्रीडॉस १.४ निःशंकपणे बसवावी. माझ्या लेखी त्या यंत्रांसाठी तिच्याहून चांगली डॉस आज नाही. साउंड कार्ड शोधताना शक्यतो जम्पर (पत्ता हाताने ठरवून देणाऱ्या पिना) असलेले जुने कार्ड घ्यावे, कारण नंतरच्या प्लग अँड प्ले कार्डांना प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना पत्ता नेमून देणारी आज्ञावली चालवावी लागते. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, आणि सकाळी लवकर गेलेले बरे, कारण दुपारपर्यंत अशी कार्डे किलोच्या भावाने भंगारात गेलेली असतात.